संगीतावरचे माहितीपट: आठवी-नववीच्या मुलांना काय दाखवावं?

पाणंद

नमस्कार मंडळी.

फोंडा तालुक्यातल्या एका मराठी हायस्कुलात मी संगीत शिकवते. पावसात मैदान बंद असतं, त्यामुळे शनिवारच्या शेवटच्या दोन तासिका रिकाम्या राहतात. हेडमास्तरांनी त्या मला देऊ केल्यात. प्रोजेक्टर शाळेचा आहे. विचार असा की चवथीपर्यंत, म्हणजे गणेशचतुर्थीपर्यंत, मुलांना संगीतावरचे माहितीपट दाखवावेत. आपलं, परकं, जुनं, नवं, काहीही चालेल.

वर्गात कोण बसतं ते सांगते, म्हणजे सुचवायला बरं पडेल. काही मुलं देवळातल्या भजनाला पखवाज नाहीतर तबला वाजवतात. चवथीला घुमट (मातीचं चर्मवाद्य) वाजवणारे तर निम्मे. दोन मुली कला अकादमीच्या वर्गाला पणजीला जातात. एक मुलगा चर्चमध्ये व्हायोलिन वाजवतो, त्याला स्टाफ नोटेशन, म्हणजे पाश्चात्त्य स्वरलिपी, घडाघडा वाचता येतं (मला येत नाही). मोबाइलवर सगळे एकच गाणी ऐकतात, पण पखवाजवाल्याला व्हायोलिनवाला नेमकं काय करतो याचा पत्ता नाही, आणि व्हायोलिनवाल्याला पखवाजाचा नाही.

मागे एका मोठ्या गायकावरचा माहितीपट लावला होता. बुवांनी षड्ज (सा) लावला, मुलं गप्प झाली, आणि तेवढ्यात निवेदक सुरू: जन्म, गाव, गुरू, पुरस्कार. गाणं मागे पुसट. ते परत वर येईपर्यंत राग कुठल्या कुठे गेला होता. एकही बंदिश अस्ताईपासून अंतऱ्यापर्यंत धड ऐकू आली नाही. मुलांनी वहीत काय लिहून घेतलं, तर पुरस्कारांची नावं.

म्हणून माझी अट एकच. निदान एक तुकडा असा हवा की जो सुरू होतो, संपतो, आणि मधे कोणी तोंड उघडत नाही. सुचवा.

खर्जातला

या अटीत पहिला बसतो तो मणी कौल यांचा ‘ध्रुपद’, १९८२ चा. झिया मोहिउद्दीन डागर रुद्रवीणा वाजवतात, झिया फरीदुद्दीन डागर गातात. कौल स्वतः डागरांकडे शिकले होते आणि ते कॅमेऱ्यात कळतं. आलाप एकेका स्वरावर रेंगाळत वर चढतो आणि कॅमेराही त्याच चालीने दगडी भिंतींवरून, खांबांवरून फिरतो. फतेहपूर सिक्री आहे, जंतरमंतर आहे, पण पर्यटन खात्याची जाहिरात वाटत नाही. बोलणं अगदी थोडं.

फिल्म सव्वा तासाची आहे. सलग लावलीत तर आठवीचा वर्ग झोपेल, आणि त्यात वर्गाचा काही दोष नाही. वीसेक मिनिटं निवडा. आधी इतकंच सांगा: पखवाज कधी येतो त्यावर लक्ष ठेवा. तुमचे भजनी वीर पापणी न लववता बसतील.

आता खरी गोष्ट. आवाज कशातून काढणार आहात? पुरुषाचा षड्ज काळी एक (पेटीची पहिली काळी पट्टी) धरला तर तो १३८ हर्ट्झच्या आसपास पडतो आणि खर्ज, म्हणजे खालच्या सप्तकातला सा, त्याच्या निम्म्यावर, ६९. लॅपटॉपचा किंवा प्रोजेक्टरच्या पोटातला स्पीकर इतक्या खाली उतरतच नाही. रुद्रवीणेचा अर्धा जीव तिथेच आहे. मुलांना वरवरचा झणकार ऐकू येईल आणि ती म्हणतील, यात काय आहे? जत्रेतल्या नाटकांना साउंड देणारा कोणीतरी गावात असतोच. पावसात त्याला काम नसतं. त्याला गाठा.

तिसरी_घंटा

माहितीपट कशाला? गायकांवर, संगीत नाटकांवर इतके छान मराठी चित्रपट आहेत. मुलं आवडीने बघतील, रडतील, टाळ्या वाजवतील. गोव्यात नाट्यसंगीतासाठी वेगळं निमित्त लागत नाही.

पाणंद

ते चित्रपट मुलं घरी टीव्हीवर बघतात. शिवाय पडद्यावरचा नट तान घेतो तेव्हा गळा हलत नाही आणि तबलजीचा हात समेवर पडत नाही. माझे तबल्याचे विद्यार्थी हेच बघून हसतात. मला खरा गळा आणि खरे हात हवेत.

तिसरी_घंटा

बरं बाई.

मांडवीपार

१९४६ ची एक ब्रिटिश शालेय फिल्म आहे, ‘इन्स्ट्रुमेंट्स ऑफ द ऑर्केस्ट्रा’. साधारण वीस मिनिटं. महायुद्ध नुकतंच संपलेलं, आणि तिथल्या शिक्षण खात्याला शाळाशाळांतून दाखवायला वाद्यवृंदाची ओळख करून देणारी फिल्म हवी होती. संगीताचं काम इंग्रज संगीतकार बेंजामिन ब्रिटन यांच्याकडे गेलं. दिग्दर्शन म्यूर मॅथिसन, लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा, आणि संचालन माल्कम सार्जंट.

ब्रिटननी काय केलं ते मास्तरकी करणाऱ्या प्रत्येकाने बघावं. हेन्री पर्सेलची सतराव्या शतकातली एक लहानशी धून उचलली. आधी सगळा ताफा ती एकत्र वाजवतो. मग तीच धून फक्त लाकडी सुषिर (फुंकून वाजवायच्या) वाद्यांवर, मग पितळी वाद्यांवर, तारांवर, तालवाद्यांवर. मग एकेक वाद्य पुढे येतं आणि त्या धुनेला आपल्या स्वभावाप्रमाणे फिरवतं. शेवटी फ्यूग: पिकोलो (छोटी बासरी) एक चपळ धून सुरू करतं, तिच्या पाठोपाठ बासऱ्या, मग ओबो, असं करत ज्या क्रमाने ओळख झाली त्याच क्रमाने सगळे आत शिरतात. आता पार गोंधळ होणार असं वाटतं, आणि तेवढ्यात पितळी वाद्यं पर्सेलची मूळ धून वरून घेऊन येतात. तोवर मुलाला प्रत्येक वाद्याचा आवाज ओळखीचा झालेला असतो, म्हणून त्या गर्दीतही त्याला वाट सापडते.

ही रचना पुढे जगभर मैफिलींत वाजायला लागली, पण मुळात ती वर्गात दाखवायच्या फिल्मसाठीच लिहिलेली. सार्जंट मधेमधे बोलतात, पण दोन तुकड्यांच्या मधल्या जागेत. इंग्रजी समजलं नाही तरी फारसं अडत नाही. तुमच्या व्हायोलिनवाल्या मुलाला पुढे बसवा आणि व्हियोला, चेलो, डबल बास त्यालाच ओळखायला सांगा.

पेज_आणि_लोणचं

लंडनचा वृंद फोंड्यातल्या पोरांना? ते ‘बसून’ नावाचं फुंकवाद्य कोण वाजवतो हो आमच्या वाड्यावर? आधी घुमटाची फिल्म दाखवा.

पाणंद

दाखवते. चांगली कुठली, तेवढं सांगा.

पेज_आणि_लोणचं

तुकडे पुष्कळ आहेत, आरत्यांच्या स्पर्धांचे. कोणीतरी मागे उभं राहून मोबाइल वर धरून काढलेले. पुढच्याचं डोकं दिसतं. सलग आणि नीट असं… बघतो.

शामेळ

बघायला लागू नका, तसं फार काही हाती लागणार नाही. आणि कारण सोपं आहे. सगळे कॅमेरे उजव्या हाताकडे बघतात.

घुमट म्हणजे दोन्ही बाजूंना तोंड असलेलं मातीचं भांडं. मोठ्या तोंडावर कातडं, लहान तोंड उघडं. उजवा हात कातड्यावर थाप मारतो हे कोणालाही दिसतं. डावा तळवा मागचं तोंड झाकतो, सोडतो, अर्धवट झाकतो, आणि आतली हवा कोंडेल किंवा सुटेल तसा घुमारा बदलतो. नवशिका आणि मुरलेला वादक यांच्यातला फरक डाव्या हातात आहे, आणि नेमका तोच चित्रात नाही. सोबत शामेळ, दोन काठ्यांनी. आणि कांसाळें, म्हणजे झांज. या तिघांची सुवारी.

कातड्याचंही सांगायला हवं मुलांना. पूर्वी घोरपडीचं असायचं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली घोरपड येते, त्यामुळे आता बकऱ्याचं. जुने वादक म्हणतात नाद तो नव्हे. नव्या पोरांना तुलना करायला जुना नाद ऐकलेलाच नाही, त्यामुळे ती मजेत वाजवतात.

मांडवीपार यांनी लिहिलेली लंडनची फिल्म मला जरूर दाखवावीशी वाटते, पण वेगळ्या कारणाने. तिचा आराखडा उचला. आधी सगळ्यांनी मिळून एक सुवारी. मग घुमट एकटं, शामेळ एकटं, कांसाळें एकटं. मग पुन्हा सगळे, पण या वेळी एकामागून एक आत येत. चवथीला मुलांनी स्वतःच चित्रित करावं, दोन मोबाइलवर: एक फक्त उजव्या हातावर, एक फक्त डाव्या हातावर. फिल्म तयार.

मांडवीपार

+१. ब्रिटनसाहेबांची हरकत नसावी.

जुना_खांब

निवेदन म्हणजे शत्रू असं सगळ्यांनी धरूनच टाकलंय, म्हणून लिहितो. मीही निवृत्त शिक्षक आहे आणि बोलण्यावरच पोट भरलं आहे.

अमेरिकन वृंदसंचालक लिओनार्ड बर्नस्टाइन यांचे ‘यंग पीपल्स कॉन्सर्ट्स’ बघा. १९५८ ते १९७२, न्यू यॉर्क फिलहार्मोनिकबरोबर ५३ कार्यक्रम, सगळे टीव्हीसाठी चित्रित केलेले. हा माणूस भरपूर बोलतो. पहिल्या कार्यक्रमाचा विषय काय, तर संगीताचा अर्थ काय असतो? सुरुवातीला रोसिनीचं ‘विल्यम टेल’ वाजवतो. तिथल्या मुलांना ती धून टीव्हीवरच्या एका घोडेस्वार नायकाची म्हणून पाठ. मुलं ओरडतात, हे त्याचंच! तो म्हणतो, नाही, यात घोडा नाही आणि स्वारही नाही, यात स्वर आहेत.

पुढे तर कमाल करतो. एक तुकडा वाजवण्याआधी सुपरमॅनची गोष्ट रचून सांगतो: तुरुंगात अडकलेला मित्र, त्याची सुटका वगैरे. मग वृंद वाजवतो आणि गोष्ट चपखल बसते. घोड्याच्या जागी मोटारसायकलसुद्धा बसते. मग सांगतो की ही रचना रिचर्ड श्ट्राउस यांची आणि खरी गोष्ट डॉन किहोतेची. गोष्ट पूर्ण बदलली, स्वर जागच्या जागी. संगीत गोष्ट सांगत नाही हे दहा वर्षांच्या मुलाला याहून सोपं करून कोणी सांगितलेलं मी तरी पाहिलेलं नाही. आणि हे सगळं बोलून.

तेव्हा बोलण्यावर राग नको. गाणं चालू असताना त्याच्या अंगावर बोलणं, तेवढं बंद करा.

खर्जातला

मान्य, पण अर्धंच. बर्नस्टाइनच्या पाठीशी सगळा वृंद बसलेला होता. बोलता बोलता काठी उचलली की संगीत हजर, खाली ठेवली की थांबलं. आपल्याकडचा माहितीपटवाला संकलनाच्या टेबलावर बसतो तेव्हा त्याच्याकडे तासन्‌तासाचं ध्वनिमुद्रण असतं आणि वरून सांगितलेली लांबी. राग कापता येत नाही, चरित्र कापलं तर घरचे लोक रागावतात. मग काय करणार, एक खाली आणि एक वर. गुलझार यांनी १९९२ मध्ये पंडित भीमसेन जोशींवर केला त्यात गाणाऱ्या माणसाचं घर, गाडी, प्रवास सगळं प्रेमाने आलंय. मला तो आवडतो. पण शिकवायला लावाल तर माणूस कळेल, राग मैफिलीतच शोधावा लागेल.

पाणंद

म्हणजे बर्नस्टाइनचं काम मी करायचं. बंदिश आधी फळ्यावर, दोनदा म्हणून घ्यायची, मग फिल्म, मग मी गप्प. हे जमेल. दोघांचेही आभार.

वाचनखूण

वाचनखूण साठवली. कृपया कोणी संपादकांना सांगून धागा वरच ठेवा.

रंगपेटी

अॅनिमेशन कोणीच सुचवलं नाही. कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डात नॉर्मन मॅक्लॅरेन होते. त्यांची १९७१ ची ‘सिंक्रोमी’ सातेक मिनिटांची आहे, भाषा शून्य. पडद्यावर रंगीत पट्टे वरखाली नाचतात आणि एक खट्याळ धून वाजते. गंमत अशी की ते पट्टे म्हणजेच तो आवाज. जुन्या फिल्मच्या कडेला प्रकाशाने वाचायची ध्वनिपट्टी असायची. मॅक्लॅरेननी वाद्य वापरलंच नाही. पट्ट्यांची कार्डं कॅमेऱ्याने त्या ध्वनिपट्टीवर छापली आणि तीच नक्षी रंग देऊन चित्राच्या जागीही छापली. पट्टे दाट झाले की स्वर चढतो, विरळ झाले की उतरतो. विज्ञानाच्या बाईंना बोलवा. कंपनसंख्या नावाचा धडा दोन वाक्यांत आटोपेल.

दुसरी डिस्नेची, १९५३ ची, ‘टूट, व्हिसल, प्लंक अँड बूम’. घुबडमास्तर वर्ग घेतात. चार आदिमानव: एक शिंग फुंकतो, एक नळी, एक धनुष्याची दोरी छेडतो, एक स्वतःचं पोट बडवतो. या चौघांपासून सगळी वाद्यं निघाली अशी गोष्ट. त्या वर्षीचं ऑस्कर मिळालं होतं, आणि मुलं लोळून हसतात. पण सगळी वाट शेवटी सिम्फनीच्या मंचाकडे जाते, जणू आदिमानव पोट बडवत होता तो पुढे टिंपनी व्हावी म्हणून. दाखवा आणि मग विचारा: घुमट या चौघांपैकी कोणाचं? पखवाज? तंबोरा? हार्मोनियमवर वर्गात भांडणं होतील, होऊ द्या.

शामेळ

घुमट ‘बूम’चं, यात वाद कसला. पण आतली हवा डाव्या हाताने चालते, तेव्हा थोडं ‘टूट’चंही.

रंगपेटी

बघा, वाद सुरू झाला.

साष्टीची_सून

बरें बरयलां सगळ्यांनी. माहेर सिंधुदुर्गात, आता मडगावात आहे, त्यामुळे दोन्हीकडचं थोडं थोडं कानावर पडतं.

निवेदन अजिबात नको असेल तर टोनी गातलिफ यांची ‘लाचो ड्रोम’, १९९३. रोमा (जिप्सी) लोकांचं संगीत: राजस्थानातून निघून इजिप्त, तुर्कस्तान, रुमानिया, हंगेरी, स्लोव्हाकिया, फ्रान्स आणि शेवटी स्पेन. कोणी समजावून सांगत नाही, संवाद जवळपास नाहीत. एका ठिकाणचं गाणं संपतं, दुसरीकडचं सुरू होतं. राजस्थानच्या वाळवंटातल्या मुलाचा आवाज आणि शेवटचा फ्लामेंको यांच्यात जे नातं आहे ते कान आपोआप पकडतो. इतिहास म्हणून मात्र शिकवू नका. खरं स्थलांतर असं एका सरळ रस्त्याने झालेलं नाही, हा दिग्दर्शकाने आखलेला रस्ता आहे. आणि स्लोव्हाकियाच्या भागात नाझी छळछावणीची आठवण सांगणारं गाणं आहे. आधी स्वतः बघा, मुलांना पार्श्वभूमी द्यावी लागेल.

दुसरी, कार्लोस साउरा यांची ‘फादोस’, २००७. हीसुद्धा गाण्यांचीच माळ, पोर्तुगालच्या फादो गाण्यांची, स्टुडिओत चित्रित केलेली. मारिझा आहे, कामाने आहे, ब्राझीलचे शिकू बुआर्क आणि काएतानु व्हेलोजु आहेत. ही दाखवाल तेव्हा एक गैरसमज त्याच दिवशी मिटवा. आपल्याकडे ‘मांडो म्हणजे आपला फादो’ असं सहज म्हणून टाकतात. फादो एकट्या गळ्याचा, पोर्तुगीज गिटारच्या बारा तारांवर. मांडो एकाहून अधिक आवाजांत गातात, त्यावर समोरासमोर उभं राहून नाचतात, साथीला व्हायोलिन आणि घुमट. शब्द कोंकणी. मांडो संपले की दुलपदां येतात आणि लय चढते. दोन्ही एकापाठोपाठ ऐकवा, मुलांना स्वतःच कळेल. तुमच्या वर्गात व्हायोलिन आहे, घुमट आहे. एक मांडो तर तिथेच बसेल!

पाणंद

हे डोक्यातच आलं नव्हतं. त्या दोघांना शेजारी बसवते.

दर्यावर्दी

त्या व्हायोलिनवाल्या मुलासाठी: माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७-२०१२). वडील चर्चमध्ये क्वायरमास्टर. पोर्तुगीज काळापासून गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांना सोल्फेज (स्वरलिपी वाचून गाणं) आणि व्हायोलिन शिकवत आले, आणि मुंबईच्या हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत इतके गोवेकर का, याचं उत्तर तिथे आहे. संगीतकार धून गुणगुणायचा किंवा पेटीवर वाजवायचा. ती तीस-चाळीस वादकांना एकाच वेळी वाजवायची तर प्रत्येकासमोर कागद हवा, आणि तो लिहिता-वाचता येणारे हे लोक होते. सेबास्टियन डिसोझा, चिक चॉकलेट, फ्रँक फर्नांड ही त्यातली नावं. श्रेयनामावलीत शोधाल तर दमाल.

गोन्साल्विस यांना यापुढचं काहीतरी हवं होतं. राग सिम्फनी वृंदासाठी लिहायचा. १९५८ मध्ये मुंबईत त्यांनी त्यासाठी मोठा वृंद जमवला, गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे. पुढे ते अमेरिकेला गेले. शिष्य प्यारेलाल यांनी १९७७ मध्ये गुरूचं नाव एका गाण्यात घातलं आणि ते देशभर झालं, फक्त लोकांना वाटलं ते पात्राचं नाव आहे. अशोक राणे यांनी त्यांच्यावर माहितीपट केलेला आहे. त्यात बोलणं आहे, पण इथे गोष्टच महत्त्वाची, तेव्हा अट थोडी सैल करा.

ब्लू_नोट

केन बर्न्स यांची ‘जॅझ’ मालिका अजून कोणी कशी सांगितली नाही? २००१, दहा भाग, सुमारे एकोणीस तास. न्यू ऑर्लिन्सपासून सगळं. गुलामी, वर्णभेद, रेडिओ, महायुद्ध. संगीताचा इतिहास असा शिकवावा.

खर्जातला

एकोणीस तास आणि त्यात एक अख्खं गाणं सापडलं तर मला कळवा. शिवाय १९६० नंतरची चार दशकं शेवटच्या एका भागात गुंडाळली आहेत, तिथल्याच जॅझवाल्यांनी त्यावर कितीतरी झोडपलंय.

ब्लू_नोट

ते मान्य आहे. तरी आर्मस्ट्राँगचा भाग बघाच.

पाणंद

मी बघेन. मुलांना नको.

केरीची_वाट

फोंडा तालुक्यातला धागा आणि केसरबाईंचं नाव नाही? कमाल आहे.

केरीच्या केसरबाई केरकर (१८९२-१९७७), अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी बसवली, त्यात भारताचा म्हणून संगीताचा एकच तुकडा आहे, तो बाईंचा: ‘जात कहाँ हो’, भैरवी, साडेतीन मिनिटं. नाव सुचवलं रॉबर्ट ब्राउन या अमेरिकन संगीत-अभ्यासकांनी, निवड खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांच्या समितीची. व्हॉयेजर १ पाच सप्टेंबरला उडालं, बाई सोळा सप्टेंबरला गेल्या.

आता ती तबकडी धाग्याच्या विषयाशी लावून बघा. संगीताचे २७ तुकडे, साधारण दीड तास. बाख, बेथोवन, चक बेरी, लुई आर्मस्ट्राँग, जावाचा गामेलान वृंद, जपानची शाकुहाची बासरी, बेनिनची तालवाद्यं, अझरबैजानचं बालाबान हे फुंकवाद्य, जॉर्जियाच्या पुरुषांचं समूहगान, पेरूमधलं लग्नाचं गाणं. पाणंदताईंना ‘सगळं’ हवं होतं ना? कोणीतरी निवडून ठेवलंय. आणि निवेदकाला तिथे जागाच नाही, ऐकणारा कोण असेल हेच माहीत नव्हतं. एका शनिवारी पडदा कोरा ठेवा, तुकडे वाजवा, मागे फक्त जगाचा नकाशा. कुठलं असेल ते मुलांनी बोट ठेवून सांगायचं. भैरवी आली की बघा किती जण ‘हे आपल्या केरीचं’ म्हणतात. माझी भीती, एकही नाही.

जुना_खांब

कोरा पडदा आवडला.

त्याला जोडून आणखी एक घर, तेही याच मातीतलं. कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर. कुर्डी साळावलीच्या धरणात गेलं, मेमध्ये पाणी उतरलं की घरांची जोती वर येतात आणि जुने रहिवासी भेटायला जमतात. सौम्यानंद साही यांचा ‘रिमेंबरिंग कुर्डी’ त्यावर आहे. तो संगीताचा नव्हे, गावाचा माहितीपट, पण मोगूबाई कुठून निघाल्या ते मुलांच्या डोळ्यांना दिसेल. मग त्यांच्या कन्या आणि शिष्या किशोरी आमोणकर यांच्यावरचा ‘भिन्न षड्ज’, अमोल पालेकर आणि संध्या गोखले यांचा, २०११. यात बोलणं आहे, पण बाईंचं स्वतःचं. स्वराबद्दल त्या बोलतात तेव्हा मी तरी मधे गाणं मागत नाही.

जुने सरकारी माहितीपट शोधताना फिल्म्स डिव्हिजनचं नाव टाका आणि एनएफडीसीचंही (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ). २०२२ मध्ये दोन्ही एकत्र झाली, त्यामुळे सामान दोन्ही नावांनी विखुरलेलं सापडतं.

कायद्याचं_बोला

एक सूचना, रस घालवायला नव्हे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये शाळांना सवलत आहे: संस्थेच्या कामाचा भाग म्हणून फिल्म दाखवली आणि बघणारे फक्त शिक्षक, विद्यार्थी, त्यांचे पालक आणि संस्थेच्या उपक्रमांशी संबंधित माणसं असतील, तर तो भंग धरला जात नाही. गावभर बोर्ड लावून सगळ्यांना बोलावलंत की ही सवलत लागू होत नाही, मग हक्कदाराची परवानगी हवी. वाचनालयात किंवा देवळाच्या सभागृहात करायचा विचार असेल तर आधी हे बघा.

पाणंद

शाळेतच आहे, त्यामुळे ठीक.

सगळं वाचून असं ठरवलंय. सुरुवात ‘सिंक्रोमी’ने, विज्ञानाच्या बाई तयार आहेत. पुढच्या शनिवारी लंडनचा वृंद. ‘ध्रुपद’ची वीस मिनिटं त्यानंतर, कारण तोवर मुलांना नुसतं ऐकत बसायची थोडी सवय झालेली असेल. साउंडवाला मिळाला, खरंच रिकामा होता, चहावर यायला तयार आहे. ‘लाचो ड्रोम’ मी आधी बघते, बहुतेक पहिला आणि शेवटचा भागच दाखवेन. फादोच्या दिवशी मांडो वर्गात बसवायचा, त्यामुळे फिल्म अर्धीच. गोन्साल्विसांचा माहितीपट अजून हाती लागलेला नाही. कोणाकडे मार्ग असेल तर व्यक्तिगत निरोप करा. डिस्ने कुठल्याही दिवशी वीज जाऊन परत आली आणि थोडा वेळ उरला तर. कोरा पडदा चवथीच्या आधीच्या शनिवारी, आणि चवथीत दोन मोबाइल.

पेज_आणि_लोणचं

लंडनच्या वृंदाच्या दिवशी मी येऊ का बघायला?

कायद्याचं_बोला

तुमचं कोणी शाळेत आहे का?

पेज_आणि_लोणचं

पुतणी आहे, सातवीत.

कायद्याचं_बोला

काका पालकांत धरतात की नाही, कलमात लिहिलेलं नाही.

पाणंद

या तुम्ही. फक्त घुमट घेऊन या आणि फिल्म संपल्यावर डावा हात कसा चालतो ते मुलांना दाखवा. म्हणजे उपक्रमाशी संबंधित झालात.

पेज_आणि_लोणचं

घुमट आणतो. पण ‘बसून’ वाजवणारा कुठला तो मला आधी दाखवा.